टाके, आरसे आणि छपरावरचे ऊन

जुन्नरची लेणी पाहावयास जाणाऱ्याचे लक्ष चैत्यगृहाच्या कमानीवर खिळते; बाजूच्या खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याकडे तो सहसा वळत नाही. परंतु घरावर सौर पॅनेल बसविणे आणि परमुलखातील कायदेकानू सांभाळणे, हा जो आजचा विषय, त्याचा आरंभ त्या टाक्यापासून करणेच सोयीचे आहे.

सुमारे १८०० ते १९०० वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येत असे. येथील ब्राह्मी लेखांत यवन म्हणविणारे तीन दाते आढळतात. इरिल याने दोन टाकी दिली, चिट याने भिक्षुसंघास भोजनमंडप दिला आणि चंद याने लेण्याचा दर्शनी भाग दिला. टाक्याला त्या लेखांत 'पोढी' म्हटले आहे. लक्षात घेण्याजोगे हे, की हे लेख यवनांच्या भाषेत नाहीत. ते येथील प्राकृतात, येथील लिपीत आणि दानलेखाच्या येथील रूढ साच्यात आहेत. पाऊस कोणाच्याही परवानगीवाचून पडतो. पण तो साठवून उपयोगात आणावयाचा, तर त्या मुलखाची रीत पाळावी लागते आणि कोणी काय दिले याची नोंद ठेवावी लागते. परदेशी माणसाला हे उमगले, म्हणूनच त्याचे नाव आज आपण वाचू शकतो.

दुसरा परदेशी मुंबईचा. विल्यम अॅडम्स हा तेथे नोकरीस असलेला इंग्रज अधिकारी. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असे प्रतिपादन करणारे त्याचे पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये मूशो याने शंकूच्या आकाराचा चकचकीत धातूचा परावर्तक तयार केला होता. अॅडम्सने त्याऐवजी साधे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्यांचा झोत पाण्याच्या बाष्पकावर आणला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. त्याच्या सौर चुलीवर सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजले. इतके होऊनही ही विद्या पसरली नाही. कोळशामागे खाण, आगगाडी, बंदर आणि ठेकेदार अशी बांधलेली व्यवस्था उभी होती. उन्हामागे एकटा माणूस आणि त्याचे आरसे. माझ्या मते ऊन उणे पडले नाही. व्यवस्था उणी पडली.

पुढे १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट तयार केला. त्याने वाफेचे मध्यस्थपण काढून टाकले व उन्हातून सरळ वीज मिळू लागली. तथापि घरोघरी ती नेण्याचे काम शास्त्रज्ञाइतकेच कायद्यानेही केले. जर्मनीत ऊन आपल्याहून पुष्कळच कमी. परंतु १९९१ साली अमलात आलेल्या कायद्याने सूर्य, वारा अशा साधनांपासून खासगी उत्पादकांनी केलेली वीज विकत घेणे तेथील वीज कंपन्यांस भाग पाडले, आणि २००० सालच्या कायद्याने तिला २० वर्षांच्या ठरीव दराची हमी दिली. तेव्हा सामान्य गृहस्थ छपरावर चढला.

आज आपल्या मुलखातील मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी, नोकरीसाठी अशा देशात जाते, तेव्हा तेथे यवन आपण असतो. भाड्याच्या घराच्या सज्जात पॅनेल लावावयाचे, तरी रीत जाणून घ्यावी लागते. २०२४ साली जर्मनीने हे नियम सोपे केले. अशा लहान संचाचा इन्व्हर्टर ८०० व्होल्ट-अँपिअरपर्यंत आणि पॅनेल एकूण २००० वॉटपर्यंत चालतात. सरकारी नोंदवहीत संच नोंदवावा लागतो. घरमालकाची संमती घ्यावी लागते. मात्र सबळ कारणावाचून ती नाकारण्यास त्याला आता मोकळीक नाही.

आता जुन्नर-आंबेगावकडे वळू. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ साली नेट मीटरिंगचे नियम केले व २०१९ साली त्यांच्या जागी नवे आणले. त्यांतील मर्म असे, की दिवसा घरात न खपलेली वीज महावितरणच्या तारांत जाते आणि तिचे युनिट आपल्या खाती जमा होतात. भीमाशंकरच्या बाजूला पावसाळाभर आभाळ झाकोळलेले असते. त्या काळात वीज कमी उत्पन्न होणार हे उघडच आहे. उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून पावसाळ्यात पोढी भरून ठेवीत. मीटरचे खाते हीसुद्धा एक पोढीच. फरक इतकाच, की आर्थिक वर्ष सरले की तिचा हिशेब मिटविला जातो. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने १ किलोवॉटच्या घरगुती संचास ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ वा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरविले. अर्ज व मंजुरी यांवाचून बसविलेल्या संचाला यांपैकी काहीही मिळत नाही.

हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. या दोन तालुक्यांतील उसात बिबट्या राहतो, आणि वीज रात्रीची असली की शेतकऱ्याला अंधारात दारे धरावयास जावे लागते. शेतीस दिवसा वीज मिळावी, या हेतूने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. तेथे उन्हाची व्यवस्था लागणे म्हणजे माणूस सुखरूप घरी परतणे होय.

म्हणून घरावर पॅनेल चढविणाऱ्याने, मग तो ओतूरचा असो, घोडेगावचा असो की परदेशी राहणारा असो, आधी नियम वाचावा, मीटर पाहावा आणि नोंद करावी. इरिलने जुन्नरात आधी हेच केले होते.