आशियाई कपचा 'ब' गट : तीन तगडे संघ आणि भारताचं गणित

कतारमध्ये १२ जानेवारी २०२४ पासून आशियाई कप फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. स्पर्धेच्या नावात मात्र २०२३ आहे. मूळ यजमान चीनने कोरोनामुळे माघार घेतली, स्पर्धा कतारला गेली आणि तिथल्या उन्हाळ्यामुळे ती जानेवारीत ढकलली गेली. २४ संघ, ६ गट. भारत 'ब' गटात होता. सोबत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया. डिसेंबरच्या फिफा क्रमवारीत ऑस्ट्रेलिया २५ वा, उझबेकिस्तान ६८ वा, सीरिया ९१ वा आणि भारत १०२ वा, म्हणजे गटात आपण सगळ्यात खाली.

मग उमेद ठेवायची की नाही? ठेवायची, पण हिशोब समजून. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ बाद फेरीत जातात आणि सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वोत्तम चार. म्हणजे तिसरा येऊनही पुढे जाता येतं. भारताचा खरा रस्ता हाच होता.

ऑस्ट्रेलिया

२००६ मध्ये आशियाई महासंघात आलेला हा संघ २०११ मध्ये उपविजेता आणि २०१५ मध्ये आपल्या घरी विजेता ठरला. २०२२ च्या विश्वचषकात त्यांनी ट्युनिशिया आणि डेन्मार्कला हरवलं, आणि पुढे अर्जेंटिनाकडून फक्त १-२ ने हरले. तेव्हा प्रशिक्षक होते ग्रॅहम अर्नोल्ड आणि कर्णधार होता गोलरक्षक मॅट रायन. आपल्याला खरी भीती त्यांच्या उंचीची. बचावपटू हॅरी सॉटर जवळजवळ साडेसहा फुटांचा आहे. कॉर्नर आणि फ्री किकच्या वेळी तो पुढे आला की त्याला अडवणं सोपं नाही. अनुभवी मॅथ्यू लेकी जखमी असल्यामुळे नव्हता, एवढाच काय तो दिलासा.

२०११ मध्ये दोहातच त्यांनी आपल्याला ४-० ने हरवलं होतं. पण मुलांना याआधीचीही एक गोष्ट सांगायला हवी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ४-२ ने हरवलं. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत खेळलेल्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शिक्षक होते, म्हणून लोक त्यांना 'रहीम साहब' म्हणत.

उझबेकिस्तान

गटातला सगळ्यात शिस्तबद्ध संघ. २०११ मध्ये ते उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले होते. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या २० वर्षांखालील मुलांनी आशियाई विजेतेपद जिंकलं. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू अब्बोसबेक फैझुल्लाएव आता मोठ्या संघात आहे. लहान चणीचा पोरगा, पण चेंडू पायाला चिकटलेला. नोव्हेंबरमध्ये विश्वचषक पात्रता सामन्यात त्यांनी इराणला २-२ असं बरोबरीत रोखलं. तेव्हा प्रशिक्षक होते स्लोव्हेनियाचे स्रेच्को कातानेच. सर्वात मोठा गोल करणारा एल्दोर शोमुरोदोव जखमी असल्यामुळे स्पर्धेला मुकला. तरीही मधल्या फळीत हा संघ आपल्यापेक्षा सरस होता.

सीरिया

२०११ पासूनच्या युद्धामुळे या संघाला तोवर स्वतःच्या देशात घरचे सामने खेळता आले नव्हते. तरीही २०१८ च्या विश्वचषकासाठी ते आशियाई प्ले-ऑफपर्यंत गेले आणि ऑस्ट्रेलियाकडून दोन सामन्यांत मिळून २-३ असे, तेही जादा वेळेत, हरले. मात्र या स्पर्धेआधी आशियाई कपमध्ये सहा वेळा खेळूनही ते गटाच्या पुढे गेलेले नव्हते.

तेव्हा प्रशिक्षक होते अर्जेंटिनाचे हेक्टर कूपर. त्यांनी व्हॅलेन्सियाला सलग दोनदा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात नेलं होतं. आधी बचाव घट्ट, मग पुढचं पुढे, अशी त्यांची पद्धत. अर्जेंटिना आणि कोलंबियात वाढलेले सीरियन वंशाचे खेळाडूही त्यांनी संघात घेतले होते. नामांकित उमर अल सोमाला वगळल्यामुळे तिथे बरीच नाराजी होती. आघाडीची मदार होती २०१७ चा आशियातला सर्वोत्तम खेळाडू उमर ख्रिबिनवर. आपण सीरियाला २००७ आणि २००९ अशा दोन्ही नेहरू कपच्या अंतिम सामन्यांत हरवलं आहे. हा संघ आपल्या आवाक्यातला वाटत होता.

भारत

१९६४ मध्ये उपविजेतेपद मिळालं, पण त्यानंतर या स्पर्धेत आपण एकच सामना जिंकलो आहोत : २०१९ मध्ये थायलंडविरुद्ध ४-१. आपण सलग दुसऱ्यांदा पात्र ठरण्याची मात्र ती पहिलीच वेळ होती. २०२३ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप आणि सॅफ स्पर्धा जिंकल्या, कुवेतला त्यांच्या घरात १-० ने हरवलं. तेव्हा ३९ वर्षांचा आणि नावावर ९३ आंतरराष्ट्रीय गोल असलेला सुनील छेत्री तिसरा आशियाई कप खेळत होता. मुंबईचे राहुल भेके आणि निखिल पुजारी, गोव्याचे ब्रँडन फर्नांडिस आणि लिस्टन कुलासो संघात होते. अल ऐनमध्ये जन्मलेला, केरळचा सहल अब्दुल समद दुखापतीतून सावरत होता. अन्वर अली, जिक्सन सिंग आणि आशिक कुरुनियन जखमी होते, त्यामुळे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांच्यासमोर मधली फळी आणि बचाव असे दोन्ही प्रश्न होते.

आणखी एक गोष्ट. त्यावेळी पहिल्या सामन्यापासून व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवर पाहणारे पंच होते. आपल्या आयएसएलमध्ये तेव्हा ही सोय नव्हती. पेनल्टी क्षेत्रात जर्सी ओढण्याची सवय तिथे महागात पडणारी होती.

किती गुण लागतील?

विजयाचे ३, बरोबरीचा १. चार गुण झाले तर पुढे जाण्याची शक्यता भक्कम. तीन गुण झाले तर गोलफरकावर सगळं. २०१९ मध्ये व्हिएतनाम आणि लेबनॉन दोघांचे ३ गुण, गोलही सारखेच. व्हिएतनाम पुढे गेला तो फक्त पिवळी कार्डं कमी होती म्हणून. त्याच स्पर्धेत भारताचेही ३ गुण होते, पण बहरीनविरुद्ध ९१ व्या मिनिटाला पेनल्टी गेली आणि आपण गटात शेवटचे ठरलो. बरोबरी टिकली असती तर पुढे गेलो असतो.

म्हणून ऑस्ट्रेलियाविरुद्ध ०-१ ने हरणं आणि ०-४ ने हरणं यात जमीन-अस्मानाचा फरक होता. पहिल्या दोन सामन्यांत कमी गोल खायचे, जमल्यास उझबेकिस्तानकडून एक गुण काढायचा आणि सीरियाला हरवायचं, असं गणित होतं. आपला अंतिम सामना २३ जानेवारीलाच होता असं समजा.

भारताचे सामने (भारतीय वेळ)

१३ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी ५ : ऑस्ट्रेलिया, अहमद बिन अली स्टेडियम
१८ जानेवारी, गुरुवार, रात्री ८ : उझबेकिस्तान, अहमद बिन अली स्टेडियम
२३ जानेवारी, मंगळवार, संध्याकाळी ५ : सीरिया, अल बैत स्टेडियम, अल खोर

थेट प्रक्षेपण तेव्हा स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर होतं.