ग्लॅडिएटर आणि शिवनेरीची टाकी

'ग्लॅडिएटर' (२०००) कितीदा पाहिला, मोजलं नाही. इतिहास म्हणाल तर आनंदच! मार्कस ऑरेलियसला मुलाने मारलं नव्हतं, तो इ.स. १८० मध्ये आजाराने गेला. कमोडसने पुढे चक्क १२ वर्षं राज्य केलं आणि १९२ मध्ये त्याच्याच पहिलवानाने त्याचा गळा आवळला. पण तिथे थाप गोष्टीच्या कामी येते, म्हणून माफ. 'ग्लॅडिएटर २' (२०२४) मात्र फसला. पाणी भरून नौकायुद्धं रोमन लोक खरंच खेळायचे, पण कलोसियममध्ये शार्क? ही थाप नुसती डोळे दिपवायला.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, दुसऱ्या शतकाच्या आसपास, आपल्या जुन्नरमध्ये यवन होते. यवन म्हणजे तेव्हा ग्रीक, पश्चिमेकडचे लोक. कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाटाने वर यायचा, तो रस्ता जुन्नरचाच. शिवनेरीच्या लेण्यांत कोरलंय: इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. बस्स, एकेका ओळीचा मजकूर. ना तलवार, ना शार्क. यांच्यावर कोण सिनेमा काढणार?

असो. पण यातली एकही ओळ थाप नाही. पुढच्या वेळी शिवजन्मस्थान पाहून लगेच खाली पळू नका, कड्यातली लेणीही बघा.