नटण्याचा हक्कही लढूनच मिळालेला आहे

घुग्घुससारख्या कोळशाच्या गावात एखादी बौद्ध मुलगी हौस म्हणून मेकअप शिकली, मैत्रिणीच्या लग्नात तिला सजवायला गेली, स्वतःच्या चेहऱ्यावर नवे रंग लावून पाहू लागली, की तिला दोन बाजूंनी ऐकून घ्यावं लागतं. एक टोमणा गावातल्या जातवाल्यांचा, 'आता यांनाही नटायचं सुचायला लागलं.' दुसरा आपल्याच घरातून आणि विहारातून येतो, 'बाबासाहेबांच्या लेकीला हा नट्टापट्टा शोभत नाही.' पहिल्या टोमण्याचं नवल नाही, तो फार जुना आहे. दुसरा मात्र आपलाच इतिहास विसरल्यामुळे येतो. हा लेख त्या दुसऱ्याला उत्तर आहे.

स्त्रीने काय नेसावं, अंगावर काय घालावं, हा प्रश्न या देशात कधीच तिच्या एकटीच्या आवडीचा नव्हता. तो जातीचा कायदा होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी काय सांगितलं आहे ते वाचा. त्यांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावं आणि दागिने घालायचे तर ते लोखंडाचे. म्हणजे दागिना कोणत्या धातूचा, हेही ग्रंथाने ठरवून दिलं होतं. कारण सरळ आहे. माणूस दुरून दिसताक्षणी त्याची जात कळली पाहिजे. कळली नाही, तर विटाळ पाळणार कसा?

हा नियम पोथीतच राहिला असं कुणी म्हणत असेल, तर त्याने बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन वाचावं. सवर्ण बाई लुगडं नेसताना निऱ्यांचे काठ दिसतील असे ठेवायची. महाराच्या बाईने मात्र तेच काठ निऱ्यांच्या आत लपवायचे. काठ दिसला तर तो गुन्हा. लुगड्याच्या चार बोटं काठात जातव्यवस्था बसलेली होती. तिकडे त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांनी छाती झाकण्यासाठी कित्येक वर्षं मार खाल्ला. १८५९ साली संस्थानाने परवानगी दिली, पण तीही अट घालून. छाती झाका, मात्र उच्च जातीच्या बायका झाकतात तशी नको. कापडाला हरकत नव्हतीच. हरकत बरोबरीला होती.

ही पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवून आता महाडकडे या. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, हे आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब खास स्त्रियांसमोर बोलले, त्याची आठवण आपण कमी काढतो. ज्या खुणांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, त्या खुणा टाका, असं त्यांनी सांगितलं. लुगडं नेसण्याची पद्धत बदला. गळ्यातल्या माळांची गर्दी आणि हातातले कोपरापर्यंतचे हलक्या धातूचे दागिने काढा. कपडा फाटका असला तरी चालेल, तो स्वच्छ ठेवा. मुलींना शिकवा. आणि त्या स्त्रिया घरी जाऊन विचार करत बसल्या नाहीत. तिथल्या तिथे त्यांनी नेसण बदललं. त्यांना नव्या पद्धतीने नेसवायला टिपणीस आणि चित्रे या घरांतल्या स्त्रिया पुढे आल्या होत्या.

जरा विचार करा. पुरुषांनी पोथी जाळली, हे बंड मोठंच. पण त्या पोथीतला नियम बायकांच्या अंगावर होता आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला. दुसऱ्या दिवशी त्याच नव्या वेशात गावच्या वेशीतून आत शिरायला किती हिंमत लागली असेल?

इथे काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांनी दागिने काढायला सांगितले, घालायला नाही. खरं आहे. बाबासाहेबांनी लिपस्टिक लावायला सांगितलं, असा माझा दावाही नाही. २० जुलै १९४२ ला नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो स्त्रियांची परिषद भरली, तिथेही त्यांनी स्वच्छता, शिक्षण आणि मुलांच्या लग्नाची घाई न करणं यांवरच भर दिला. पण महाडला त्यांनी फेकायला लावले ते जातीची निशाणी असलेले दागिने. नीटनेटकं, देखणं दिसण्याला त्यांचा विरोध कधी नव्हता. त्यांचा स्वतःचा सूट-बूट टाय काय सांगतो? पुरुषाचा कोट आपल्याला स्वाभिमान वाटतो आणि मुलीचं काजळ उथळपणा वाटतो, हा न्याय कुठला?

काही जण शीलाचा आधार घेतात. माळा, गंध, विलेपन यांपासून दूर राहण्याचं शील आहे, हे खरं. पण ते भिक्खूंसाठी आणि उपोसथाला अष्टशील पाळणाऱ्या उपासक-उपासिकांसाठी. आपल्या आजी-आजोबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जे घेतलं, ते पंचशील. त्यात हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि दारू आहे. लाली-पावडर नाही. पाचव्या शीलाला रोज संध्याकाळी हरताळ फासणाऱ्याने मुलीला शील शिकवू नये.

आता दुसरी बाजू. आपण हक्क मिळवला, पण बाजाराने त्याच दारातून जुना मनू आत आणला. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने फेअर अँड लव्हली आणली. पुढची कित्येक वर्षं जाहिरातींनी एकच गोष्ट विकली. काळी आहेस तर नोकरी नाही, नवरा नाही. गोरी झालीस की सगळं आहे. २०२० साली नावातला 'फेअर' हा शब्द गेला, ट्यूबच्या मागचा विचार गेला का? उन्हातान्हात राबणाऱ्या जातींच्या रंगाला इथे हलकं मानलं गेलं आणि त्या हलकेपणावर औषध म्हणून क्रीम विकलं गेलं. हेही पाहा, महाडला काढून टाकलेली खूण काढता येत होती. कातडीचा रंग काढता येत नाही. म्हणून हा धंदा कधी संपत नाही.

अमेरिकेत मॅडम सी. जे. वॉकर होऊन गेल्या. जन्म १८६७ चा, आई-वडील गुलामीतून सुटलेले. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांची निगा राखणाऱ्या वस्तू बनवून त्यांनी मोठा उद्योग उभा केला, हजारो स्त्रियांना विक्रीचं काम शिकवून पायावर उभं केलं. १९१७ साली फिलाडेल्फियात त्यांच्या विक्रेत्या स्त्रियांचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्या बायकांनी कृष्णवर्णीयांवरील हिंसाचाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षांना तार पाठवली. सौंदर्याच्या कामातून संघटनाही उभी राहू शकते, याचा हा पुरावा आहे.

आपल्या वस्त्यांत मात्र चित्र काळजीचं आहे. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलं म्हणून स्टेरॉइडचं क्रीम आणायचं आणि रोज चेहऱ्याला चोळायचं, हे मी काम करताना पाहते. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात आणि क्रीम बंद केलं की त्रास आणखी वाढतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंड खराब करतो. कोळशाची आणि सिमेंटची धूळ झेलणाऱ्या घुग्घुसच्या मुलीने वरून हे विष का लावून घ्यावं?

म्हणून आपल्या मुलींना नटू नकोस म्हणू नका. एवढंच विचारा, हा रंग तुला आवडतो म्हणून लावतेस, की तुझा रंग कुणाला आवडत नाही म्हणून? पहिलं उत्तर आलं तर तिला चांगला आरसा घेऊन द्या. दुसरं आलं तर तिच्याजवळ बसा आणि तिला महाडची गोष्ट सांगा.

जयभीम.