पंगत आणि पलटण

मराठी माणसाच्या सामाजिक जीवनात पंगतीला जे स्थान आहे, ते सभेला नाही आणि दरबारालाही नाही. कोण कोणाच्या शेजारी बसला, पहिल्या पंगतीत कोणाला पाट मिळाला आणि कोणाला अंगणात पत्रावळ घेऊन थांबावे लागले, यावरून गावाचा स्वभाव जितका स्पष्ट कळतो तितका तो गावाच्या दप्तरावरून कळत नाही. लष्करासारख्या शिस्तीच्या संस्थेलाही हा नियम लागू आहे, असे आम्हांस वाटते. पलटणीत नव्याने दाखल झालेल्या अधिकाऱ्यास मेजवानी देऊन आपल्यात घेण्याची प्रथा वरवर पाहता खाण्यापिण्याची बाब दिसते. परंतु ती मेजवानी कोणाच्या स्मरणार्थ आणि तिच्या पंगतीत कोण, हे दोन प्रश्न विचारताच तिच्यातून एक मोठा इतिहास उलगडू लागतो.

या प्रश्नांकडे आमचे लक्ष जाण्यास आमचे गाव कारण झाले. हुबळीकडून आणि गोव्याकडून येणाऱ्या लोहमार्गांची गाठ लोंढ्यास पडते व गाडी पुढे बेळगावकडे जाते. पत्र्याची पेटी उचलून निघालेला रंगरूट आणि नवाकोरा गणवेश ल्यालेला तरुण अधिकारी हे दोघेही या वाटेने बेळगावास जाताना आम्ही पाहिले आहेत. एकाच गाडीने जाणाऱ्या या दोघांना एका पंगतीत बसता येते काय, हा त्या वेळी मनात आलेला प्रश्न पुढे सुटला नाही.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र होय. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, 'जंगी पलटण', १७६८ साली मुंबई इलाख्याच्या सैन्यात उभी राहिली. तिच्या मागोमाग पुढच्याच वर्षी 'काळी पाचवी' आली. पहिल्या अफगाण युद्धात काहून व दादर येथे केलेल्या चिवट बचावाबद्दल १८४१ साली 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या व ११४ व्या मराठा पलटणीचे रूपांतर शिक्षण-पलटणीत झाले. बेळगावच्या केंद्राची परंपरा तिच्याशी जोडलेली आहे.

आता प्रथेचे स्वरूप पाहू. आपल्या शहरांत मेस म्हणजे विद्यार्थ्यांची खाणावळ. पण लष्करात मेस हे अधिकाऱ्यांचे सामायिक घर मानतात. नवा अधिकारी तेथे पहिल्यांदा रीतसर जेवावयास बसतो, तो त्या रात्री सर्वांचा पाहुणा असतो. मेजाच्या मध्यभागी पलटणीची रुप्याची मानचिन्हे मांडलेली असतात. भिंतींवर लढायांची चित्रे व जुन्या सेनानींच्या तसबिरी. बँड वाजत असतो. प्रमुखाने आरंभ केल्यावाचून कोणी घास घेत नाही व तो उठल्यावाचून कोणी उठत नाही. शेवटी सर्वजण उभे राहून राष्ट्रपतींच्या नावाने पेला उंचावतात आणि राष्ट्रगीत होते. मेजावरील एकेका मानचिन्हामागे एकेक लढाई असते व वडीलधारे अधिकारी नवागतास तिची हकीकत सांगतात. आपल्याकडे मोहिमेवर जाणाऱ्या वीराने दरबारात विडा उचलावा, त्यातलाच हा प्रकार. ताटावर बसलेला मनुष्य नकळत एक ऋण अंगावर घेऊन उठतो.

हे ऋण कोणाचे? बेळगावास पाळल्या जाणाऱ्या शरकत दिनाचे उदाहरण घेऊ. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर, तुर्कांशी युद्धविराम होण्याच्या ऐन तोंडावर, मेसोपोटेमियात टायग्रिस नदीकाठी शरकत येथे तुंबळ रणकंदन झाले. प्राचीन असुर नगरीचे अवशेष जवळ असलेल्या त्या उजाड प्रदेशात ११४ व्या मराठा पलटणीने जो पराक्रम केला, त्याबद्दल तिला २८ शौर्यपदके मिळाली. कोकणातील व घाटावरील शेतकऱ्यांची ही मुले आपल्या गावाचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते अशा लोकांच्या मुलखात लढली.

आणि येथेच इतिहासातील विसंगती डोळ्यांत खुपते. ज्यांच्या शौर्याने मेसच्या भिंती सजल्या, त्यांपैकी कोणासही त्या मेसमध्ये पंगतीला बसण्याचा अधिकार नव्हता. केस पांढरे होईपर्यंत चाकरी केलेला सुभेदार-मेजर हा पलटणीतील हिंदी शिपायांचा सर्वांत मोठा मनुष्य. पण कालच विलायतेहून उतरलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटपेक्षा त्याचा दर्जा खालचा. लेफ्टनंट मेजाजवळ बसे, सुभेदार-मेजर दाराबाहेर. स्मरण ज्यांचे करावयाचे ते बाहेर आणि करणारे आत, अशी ही पंगत होती.

१९१७ साली हिंदी लोकांस बादशाही सनद देण्याचे ठरले व पुढील वर्षापासून सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात त्यांच्यासाठी दरसाल दहा जागा राखल्या गेल्या. तरीही पंक्तिभेद संपला नाही. त्याने फक्त रूप पालटले. १९२३ साली सरसेनापती रॉलिन्सन यांच्या काळात आठ पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी निवडण्यात आल्या. मराठा रेजिमेंटची पाचवी, 'रॉयल' म्हणून ओळखली जाणारी पलटण त्या आठांत होती. वरवर हा बहुमान होता. परंतु हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्यास काम करावे लागू नये, हा हेतू त्या योजनेत उघड होता. दार उघडले, पण पाट वेगळ्या ओळीत मांडला. १९३२ साली डेहराडून येथे लष्करी विद्यालय निघाले, दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची निकड भासली आणि मग ही ओळ मोडत गेली. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा सरसेनापती झाले, तेव्हा यजमानाची जागाही आपल्याकडे आली.

परंतु सगळा दोष साहेबाच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. मुंबईच्या सैन्यात महार शिपायांची संख्या एके काळी मोठी होती. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. त्या निर्णयाला इंग्रजांच्या 'लढाऊ जाती'च्या कल्पनेने आधार दिला. पण स्पृश्य शिपाई अस्पृश्यांबरोबर राहण्यास नाखूष, ही सबब त्यांस आमच्याच घरातून मिळाली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी केली, ती युद्धानंतर मोडून टाकली. शेवटी १९४१ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती याच बेळगावात. गोऱ्याने सुभेदाराला पंगतीबाहेर ठेवले म्हणून चिडणाऱ्या आम्हां लोकांनी, आपण कोणाला बाहेर ठेवले होते, हेही त्याच श्वासात आठवले पाहिजे.

स्वतंत्र भारताच्या सेनेने मेसची प्रथा मोडली नाही. तिच्या अलीकडे आणि पलीकडे आणखी दोन पंगती मात्र तिने आवर्जून जपल्या. अनेक पलटणींत नवा अधिकारी आला की त्याला प्रथम मेसमध्ये नेत नाहीत. काही दिवस तो जवानांच्या बराकीत राहतो, त्यांच्याबरोबर धावतो, खेळतो आणि लंगरातील डाळ-रोटी त्यांच्या शेजारी बसून खातो. पंजाबातून वा तामिळनाडूतून आलेल्या तरुणाच्या कानांवर मराठी शब्द प्रथम पडतात ते तेथे. हे झाल्यावर मग मेसमधील स्वागत. दुसरी पंगत 'बडा खाना'ची. सणासुदीला व पलटणीच्या मानाच्या दिवशी अधिकारी, सुभेदार आणि जवान सारे एकत्र जेवतात. ४ फेब्रुवारी हा मराठा लाइट इन्फंट्रीचा असाच मानाचा दिवस. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी याच तिथीस कोंढाणा घेतला.

या तिन्ही पंगती एकत्र पाहिल्यावाचून स्वागताच्या मेजवानीचा अर्थ लागत नाही, असे आमचे मत आहे. नुसती मेस राहिली तर ती जुन्या राज्यकर्त्यांची नक्कल ठरेल. अधिकारी व जवान यांची घरे आजही निराळी आहेत. हुकूम देणारा आणि पाळणारा यांत काही अंतर असावे, असे लष्करी शास्त्र म्हणते. ते आम्ही नाकारीत नाही. पण ज्याने लंगरातील रोटी आधी खाल्ली आहे, त्याला रुप्याच्या मानचिन्हावरील लढाईची हकीकत निराळी ऐकू येते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात सोबतचे बहुतेक सारे पडल्यावर मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने धावून गेलेले व तेथेच धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दोन जखमी सोबत्यांना वाचवून एकापाठोपाठ एक तीन ठाणी बंद पाडणारे शिपाई नामदेव जाधव, या दोघांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या हयातीत, त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे, दोघेही अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जेवू शकले नसते. आज नवागत अधिकाऱ्यास त्यांच्या नावांनी ऋण सांगितले जाते.

लोंढ्याच्या फलाटावरील त्या दोन तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले ते असे. ते रोज एका पंगतीत बसत नाहीत. पण पहिली पंगत त्यांची एक असते, आणि ती चुकवून दुसरीस बसण्याची मुभा अधिकाऱ्यास नसावी, हे आता पलटणीने ओळखले आहे. आमच्या गावांनीही ते ओळखावे, एवढीच इच्छा.