निरोगी माणसाला काय सांगायचं? शागास रोग आणि व्यायामाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात व्यायाम कुठून आला? थोडा धीर धरा. आपण ब्राझीलमधल्या एका लहान मुलीपासून सुरुवात करू आणि मग व्यायामाकडे येऊ.

१९०७ साली कार्लोस शागास नावाचा तरुण डॉक्टर मिनास जेराइस प्रांतातल्या लासांस या गावी गेला. नाव इंग्रजी वळणाने 'चागास' असं वाचलं जातं, पण पोर्तुगीज उच्चार 'शागास'. गोव्याच्या श्रोत्यांना हे सांगायला नको! रेल्वेचं काम चालू होतं, मजूर हिवतापाने आजारी पडत होते, म्हणून त्याला पाठवलेलं. त्याची प्रयोगशाळाही रेल्वेच्या डब्यातच होती आणि मुक्कामही तिथेच. तिथल्या एका इंजिनिअरने त्याला एक किडा दाखवला. ढेकणाच्या नात्यातला, पण बराच मोठा. रात्री झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर चावतो, म्हणून लोक त्याला 'बार्बेइरो', म्हणजे न्हावी, म्हणायचे. राहायचा कुठे? कुडाच्या भिंतींच्या भेगांमध्ये. आपल्याकडे कोकणात कुडाची घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती भिंत लगेच डोळ्यांसमोर येईल.

या किड्याच्या आतड्यात शागासला एक परजीवी सापडला. आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्या सन्मानार्थ त्याने त्याला नाव दिलं ट्रिपॅनोसोमा क्रूझी. चावण्यातून नव्हे, तर किड्याच्या विष्ठेतून तो अंगात शिरतो. चावलेली जागा आपण खाजवतो, तिथून. हे मात्र नंतर कळलं. १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात शागासला तोच परजीवी दिसला. आज १४ एप्रिल हा जागतिक शागास रोग दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळे.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते. त्या बेरेनिसचं पुढे काय झालं? ती मोठी झाली, म्हातारी झाली. १९६२ साली तिच्या रक्तातून तो परजीवी पुन्हा वेगळा काढला गेला. १९७८ साली परत एकदा! तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती. म्हणजे बघा, वैद्यकाच्या इतिहासात या रोगाची पहिली रुग्ण म्हणून जिचं नाव नोंदलं गेलं, ती तो परजीवी अंगात घेऊन जवळजवळ सात दशकं जगली. मग तिला 'रुग्ण' म्हणायचं का? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

शागासने सुरुवातीला या रोगाला बरंच काही चिकटवलं. त्या भागात गलगंड फार, तर तोही याच परजीवीमुळे, असं तो म्हणाला. ते चुकीचं होतं आणि त्यावरून १९२० च्या दशकात मोठा वाद झाला. १९३४ साली तो वारला तेव्हा हा रोग खरंच इतका महत्त्वाचा आहे का, अशीच शंका लोक घेत होते. ती फिटली बांबुई गावात. १९४३ साली तिथे एमानुएल दियास यांनी संशोधन केंद्र सुरू केलं. फ्रान्सिस्को लारान्जा यांच्याबरोबर त्यांनी खेड्यातल्या माणसांचे ईसीजी काढले आणि हृदयावर होणारा परिणाम पक्का दाखवून दिला.

पण त्याच ईसीजीनी दुसरीही गोष्ट दाखवली. लागण झालेल्या पुष्कळ माणसांचा ईसीजी साफ होता. काही त्रास नाही, शेतात राबतायत, संसार करतायत. या अवस्थेला नाव पडलं 'अनिश्चित अवस्था'. १९८४ साली अराशा गावातल्या बैठकीत तिची व्याख्या ठरली. रक्तचाचणी सकारात्मक, लक्षणं नाहीत, ईसीजी नॉर्मल, छाती-अन्ननलिका-मोठं आतडं यांचे एक्स-रे नॉर्मल. लागण झालेल्यांपैकी बहुसंख्य याच गटात असतात. अंदाजे ३० टक्क्यांना पुढे हृदयाचा त्रास होतो. कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही.

आता तुम्ही त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. खेड्यातून शहरात आलात, कारखान्यात नोकरी मिळत होती, रक्त तपासलं आणि दार बंद. ब्राझीलमध्ये हे खरोखर घडत होतं. काम करू शकणाऱ्या धडधाकट माणसांना केवळ रक्तचाचणीवर नाकारलं जायचं. अराशाच्या व्याख्येचं सामाजिक मोल इथे आहे. 'हा माणूस काम करू शकतो' असं म्हणायला तिने डॉक्टरांच्या हाती कागद दिला.

आणि नोकरी नाकारली नाही, तरी घरचे काय म्हणायचे? धावू नकोस, ओझं उचलू नकोस, हृदयात किडा आहे! यात नुसतं अडाणीपण नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरचं वैद्यक हृदयरोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवत होतं. ते हळूहळू बदललं. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवरचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. व्यायामाकडे बघण्याची दृष्टी तिथून फिरू लागली.

शागासच्या रुग्णांपर्यंत हा विचार पोचायला मात्र खूप उशीर झाला. गरिबाचा रोग, दुसरं काय! २०१० साली मिनास जेराइसमधल्याच संशोधकांनी ४० रुग्णांवर १२ आठवड्यांचा प्रयोग करून दाखवलं, की हृदयावर परिणाम झालेल्यांनाही देखरेखीखालच्या व्यायामाने दम वाढतो, जगणं सुधारतं. पुढे रिओच्या एव्हान्द्रो शागास संस्थेत ३० रुग्णांवर सहा महिन्यांची चाचणी झाली, तिनेही हेच सांगितलं. एव्हान्द्रो म्हणजे कार्लोसचा मुलगा. तोही याच रोगावर काम करायचा आणि १९४० साली विमान अपघातात गेला.

मग याच संस्थेत पुढचा प्रश्न आला. ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी घरच्या घरी करायच्या व्यायामाची चाचणी आखली गेली. घरीच का? कारण ही माणसं मजुरी करतात, दोन-दोन बस बदलून दवाखान्यात येतात. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात या म्हटलं, तर कोण येणार? जीमचे पैसे कुठून आणणार? घरात खुर्ची असते, भिंत असते, बाहेर रस्ता असतो. खुर्चीवरून उठबस करता येते, भिंतीला हात टेकून जोर काढता येतात, भरभर चालता येतं.

एक खुलासा करतो, नाहीतर गैरसमज होईल. व्यायामाने परजीवी मरत नाही. त्याला बेन्झनिडाझोलसारखं औषध आहे आणि ते लागण ताजी असताना, लहान वयात जास्त गुण देतं. व्यायामाचा फायदा हृदयाला आणि स्नायूंना. शिवाय शागासचा माणूस म्हातारा झाला, की त्यालाही रक्तदाब आणि मधुमेह गाठतोच, तिथेही चालणं उपयोगी पडतं. पण सुरुवात ईसीजी आणि डॉक्टरांच्या तपासणीनेच करायची. तपासणी अधूनमधून परत करायची, कारण अनिश्चित म्हणजे कायमची सुरक्षित नव्हे. चालताना बोलता येईल इतपतच वेग ठेवायचा. चक्कर आली, धडधडलं, छातीत दुखलं, तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शंभर वर्षं या माणसांना 'काय करू नका' एवढंच सांगितलं गेलं. नोकरी नको, श्रम नको, धावणं नको. घरच्या व्यायामाचा कागद हातात देणं म्हणजे पहिल्यांदाच 'हे करा' असं सांगणं. त्यात औषध थोडं आहे, पण विश्वास बराच आहे.

बेरेनिसला असा कागद कोणी दिला नव्हता. ती आपली जगत राहिली. तिच्यासारख्या लाखो माणसांना निदान भीती न बाळगता चालायला मिळावं, एवढंच. आता प्रश्न घेऊ.