गुडीहत्नूरच्या रस्त्यावरची ‘फेल’ गाडी

आमच्या भागात बस बिघडत नाही, ‘फेल’ होते. हा शब्द बसकडे रेल्वेतून आला असावा, असा माझा अंदाज. कारण इथली सरकारी बस हे मुळात रेल्वेचंच खातं. जून १९३२ मध्ये निझाम स्टेट रेल्वेने २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन ते सुरू केलं. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. त्यांच्या रेडिएटरवर उगवत्या सूर्याचं चिन्ह असे. आदिलाबादच्या मे महिन्यात खरा सूर्य त्याला भारी पडत असणार.

निर्मलहून महबूब घाट चढून, इच्छोड्यावरून गुडीहत्नूरला येईपर्यंत जुनं इंजिन तापायचंच. तापल्या तापल्या टोपण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. घाईने गार पाणी ओतलं तर इंजिनाचा ब्लॉक तडकतो. म्हणून आधी गाडी सावलीला लावायची, चाकामागे दगड ठेवायचा, थांबायचं, मग इंजिन चालू ठेवून पाणी थोडं थोडं सोडायचं. डिझेल गाडीचं दुखणं वेगळं. टाकी रिकामी होऊन गाडी थांबली की नुसतं डिझेल भरून ती चालू होत नाही. नळीत हवा शिरलेली असते. स्क्रू सैल करून, हातपंप दाबत, बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी लागते.

१९५६ ला त्यात राज्याची हद्द आली. आदिलाबाद आंध्रात गेलं, याच जिल्ह्यातलं किनवट मुंबई राज्यात. एका खात्याच्या गाड्या तीन राज्यांत वाटल्या गेल्या. ११ जानेवारी १९५८ ला आंध्रचं महामंडळ झालं. तेव्हापासून परराज्यातली गाडी इथे फेल झाली की तिचा डेपो हद्दीपलीकडे. स्वतःच्या महामंडळाची मागची गाडी त्याच तिकिटावर घेते. दुसऱ्याच्या कंडक्टरला विनवावं लागतं.

महामंडळं बिघाड मोजतात ते दर दहा हजार किलोमीटरला किती, असे. पण ड्रायव्हरने रस्त्यावरच निस्तरलेलं त्या आकड्यात कितीसं येणार? मी इंजिनिअर असताना याच आकड्यावर विसंबून असे. आता वाटतं, निम्मा इतिहास त्याच्या बाहेर राहिला.

शाळेत असताना केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेहून परतत होतो. गुडीहत्नूरच्या अलीकडे डिझेलचा वास सुटला. टाकीला बारीक चीर पडली होती. ड्रायव्हर खाली वाकून आला आणि म्हणाला, “कोणाकडं साबण हाय का, कपड्याचा?” एका म्हातारीने पिशवीतली नवी वडी काढली, पण आधी विचारलं, “परत देशील का?” सगळे हसले. त्याने अर्धी वडी कणकेसारखी मळून चिरेत दाबली. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, हे मला पुढे कॉलेजात कळलं. उरलेली अर्धी वडी त्याने म्हातारीला परत दिली, आणि आम्ही दिवेलागणीला आदिलाबादला पोचलो.