टाटा, जमशेटजी नसरवानजी : हॉटेलमालक

(३ मार्च १८३९, नवसारी – १९ मे १९०४, बाद नाउहाइम, जर्मनी). गिरणीमालक म्हणून जमशेटजींचे नाव गाजले ते नागपुरात. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. वऱ्हाडचा कापूस तिथून हाकेच्या अंतरावर होता. पोलाद, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था या त्यांच्या थोर योजना त्यांच्या पश्चात उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले ते अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. माणसे गावाकडे पळाली, व्यापार थंडावला. अशा शहरात, १८९८ मध्ये जमशेटजींनी बंदराजवळची भरावाची जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि स्वतःच्या खिशातून पैसा ओतला. फक्त युरोपियनांसाठी असलेल्या वॉटसन्स हॉटेलात हिंदी म्हणून प्रवेश नाकारला गेल्याने त्यांनी ताज बांधले, ही कथा सर्वतोमुखी आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. मुंबईवरची माया हे कारण अधिक पटते. फेरोजशहा मेहतांसारख्या नगरकारभाऱ्याबरोबर १८८४ मध्ये रिपन क्लब काढणारा हा माणूस शहराचा विचार घरच्यासारखा करीत असे.

हॉटेलचे नकाशे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीस नेले. मधला अधांतरी जिना मात्र ठेकेदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांची करामत. ताजच्या गोष्टीत वैद्यांचे नाव एका ओळीत उरकले जाते; या मराठी अभियंत्यावर तो अन्यायच आहे.

इमारत चुकून उलटी बांधली गेली, ही दुसरी दंतकथा. मूळ प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूला ठेवले होते, म्हणजे समुद्राचा वारा खोल्यांना मिळावा.

खरेदीसाठी जमशेटजी स्वतः युरोपात हिंडले. विजेची यंत्रे ड्युसेलडॉर्फची, झुंबरे बर्लिनची, पंखे अमेरिकेचे. नृत्यदालनाचे पोलादी खांब पॅरिसच्या प्रदर्शनात पाहून उचललेले. हॉटेल काढण्याचा बेत घरच्यांना मुळीच रुचला नव्हता, तरी जमशेटजींचा उत्साह मावळला नाही.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले तेव्हा बांधकाम अपुरे होते आणि पाहुणे अवघे १७. त्यानंतर पाच महिन्यांनी जमशेटजी जर्मनीत वारले. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचे इस्पितळ होते.